ब्रिटनमध्ये ड्रायव्हिंग टेस्टला आपलीच गाडी: सोय कशी आहे आणि सामान कोणतं घ्यावं

इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये गाडीची प्रॅक्टिकल टेस्ट डीव्हीएसए ही सरकारी संस्था घेते. फी आठवड्याच्या दिवशी ६२ पौंड. संध्याकाळी, शनिवार-रविवारी आणि बँक हॉलिडेला ७५. या पैशांत परीक्षक मिळतो, गाडी मिळत नाही. ती ज्याची त्याने आणायची. इन्स्ट्रक्टरची आणा, मित्राची आणा, नाहीतर दारात उभी आहे ती घरची आणा, फी तेवढीच. बुकिंग करताना गाडीचा नंबरही विचारत नाहीत. महाराष्ट्रात ड्रायव्हिंग स्कूलची डबल ब्रेकवाली गाडी घेऊन आरटीओत गेलेल्यांना हे जरा मोकळंढाकळं वाटतं, पण मोकळीक फक्त बुकिंगपुरती आहे. सेंटरच्या आवारात गाडी उभी केली की आधी गाडीची परीक्षा होते, मग तुमची.

कौल आधीच देऊन टाकतो. घरच्या गाडीवर निदान पंधरा-वीस तास हात बसलेला असेल, शेजारी बसायला नियमात बसणारं माणूस असेल आणि टेस्टलाही विमा लागू आहे असं विमा कंपनीने लेखी दिलं असेल, तर या सोयीला पाचपैकी साडेचार. यातलं एक जरी लंगडं असेल तर दोन. मधलं काही नाही, कारण इथे चूक झाली तर टेस्ट सुरूच होत नाही. परीक्षक गाडी बघतो, नकार देतो, फी बुडते आणि पुढच्या तारखेसाठी पुन्हा रांग. कित्येक सेंटरांत ती रांग पाच-सहा महिन्यांची आहे. त्यापुढे ६२ पौंड म्हणजे चहापाणी.

कोणती गाडी चालते

चार चाकं, जास्तीत जास्त भारासह वजन ३,५०० किलोच्या आत, मैलांत वेग दाखवणारा काटा आणि ताशी ६२ मैल गाठण्याची ताकद. ६२ हा आकडा विचित्र वाटतो, पण ते ताशी १०० किलोमीटर आहे. रोड टॅक्स भरलेला हवा आणि गाडी तीन वर्षांहून जुनी असेल तर एमओटी, म्हणजे गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी, चालू हवी. दोन्ही गोष्टी सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकून मिनिटभरात बघता येतात. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांचा घोटाळा टॅक्समध्ये होतो. आधीच्या मालकाने भरलेला टॅक्स गाडीबरोबर येत नाही. मालकी बदलली की नव्याने भरावा लागतो. ज्या गाडीचा टॅक्स शून्य पौंड आहे तिलाही तो शून्याचा सोपस्कार पूर्ण करावाच लागतो.

काही गाड्या मुळातच बाद आहेत. बीएमडब्ल्यू मिनी कन्व्हर्टिबल, फोर्ड का कन्व्हर्टिबल, फोक्सवॅगन बीटल कन्व्हर्टिबल आणि टोयोटा आयक्यू यांतून परीक्षकाला चारही बाजूंचं नीट दिसत नाही, म्हणून त्या चालत नाहीत. मागच्या बाजूला काच नसलेल्या मालवाहू व्हॅनचंही तेच. भाड्याने घेतलेली गाडी चालते, पण तिला ड्युअल कंट्रोल, म्हणजे शेजारच्या सीटच्या पायाशीही ब्रेक, हवेत; त्यामुळे विमानतळावरच्या काउंटरवरून उचललेली गाडी उपयोगाची नाही. कंपनीने परत बोलावलेल्या मॉडेलची गाडी असेल आणि दोष सुरक्षिततेशी संबंधित असेल, तर दुरुस्ती झाल्याचा कागद बरोबर ठेवा. नंबर टाकून रिकॉल आहे का हेही बघता येतं. टॅक्स तपासताना तेही उरकून घ्यावं.

परीक्षकाच्या सीटला सीटबेल्ट आणि गाडीबरोबर आलेला हेडरेस्ट हवा. वरून अडकवायचा उशीसारखा हेडरेस्ट चालत नाही. टेस्टच्या आधी गाडीत सिगरेट ओढलेली चालत नाही. डॅशकॅम चालतो, पण तो बाहेरच बघणारा हवा आणि आतला आवाज टिपणारा नको. बहुतेक डॅशकॅममध्ये माइक मुळातच चालू असतो, सेटिंगमध्ये जाऊन बंद करावा लागतो. टॅक्सीवाले वापरतात ते दुतोंडी कॅमेरे सरळ काढून ठेवा.

टायरला कायद्याने १.६ मिलीमीटर नक्षी लागते, मधल्या तीन-चतुर्थांश रुंदीवर, पूर्ण घेराला. वीस पेन्सचं नाणं खाचेत उभं घालायचं. नाण्याच्या कडेची पट्टी बाहेर दिसली तर टायर दुकानात दाखवायचा. सायकलच्या चाकासारखी दिसणारी छोटी स्टेपनी लावलेली असेल तर टेस्ट होत नाही. पंक्चर टेस्टच्या आदल्या संध्याकाळीच होतं असा काही नियम नाही, पण झालंच तर डिकीत नेमकी ही छोटी स्टेपनी निघते. म्हणून घरी येऊन टायर बसवून देणाऱ्याचा नंबर आधीच फोनमध्ये असू द्या.

डॅशबोर्डवरचे दिवे

घरच्या गाडीची टेस्ट जिथे सुरू होण्याआधीच संपते अशी ही पहिली जागा. नियम साधा आहे: धोक्याचा दिवा पेटलेला नको. एअरबॅगचा, एबीएसचा, इंजिनचा, कुठलाच. ‘तो कायमच लागतो हो, गाडीला काही होत नाही’ हे परीक्षकाला सांगून उपयोग नाही.

थंडीत सर्वांत जास्त छळतो तो टायरच्या हवेचा दिवा. तापमान उतरलं की हवेचा दाब उतरतो, आणि नोव्हेंबरच्या सकाळी रात्रभर बाहेर उभी असलेली गाडी पिवळी घोड्याच्या नालेसारखी खूण दाखवते. हवा भरली म्हणून तो दिवा लगेच विझतोच असं नाही. बऱ्याच गाड्यांत मेनूमध्ये जाऊन नवा दाब ‘सेट’ करावा लागतो आणि मग काही मैल चालवावी लागते. हे सेंटरच्या पार्किंगमध्ये जमणारं काम नव्हे. दोन दिवस आधी करा.

लहान मूल असलेल्या घरांत दुसरा दिवा असतो. पुढच्या सीटवर उलटी चाइल्ड सीट लावण्यासाठी त्या सीटसमोरची एअरबॅग बंद केलेली असते, आणि त्याची खूण बहुतेक गाड्यांत छताजवळ किंवा मधल्या पॅनेलवर दिसते. त्याच सीटवर परीक्षक बसणार आहे. ग्लोव्ह बॉक्सजवळच्या किंवा दाराच्या कडेच्या खाचेत किल्ली फिरवून एअरबॅग चालू करा आणि दिवा बदलला का बघा. चाइल्ड सीट, खेळणी, बिस्किटांचा चुरा, सगळं घरी ठेवा.

तिसरा दिवा तुम्हीच लावून घेता. नव्या गाड्यांत पुढच्या लोगोच्या मागे किंवा बंपरच्या जाळीत रडार असतं. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा त्यावर चालते. एल-प्लेट नेमकी त्यावर चिकटवली की काही मिनिटांत ‘समोरचा सेन्सर झाकला आहे’ असा इशारा येतो. गाडी धडधाकट, चालक तयार, आणि तीन पौंडांच्या प्लेटमुळे डॅशबोर्ड पिवळा. प्लेट लावून एकदा अर्धा तास गाडी फिरवून बघणं हाच त्यावर इलाज.

सर्व्हिसची तारीख जवळ आल्याचा पान्हा, काच धुण्याचं पाणी संपल्याची खूण, पेट्रोल कमी असल्याची खूण, हे सगळं आदल्या दिवशी मिटवून टाकावं. वाद घालून जिंकायची ही जागा नाही.

परीक्षकाचा आरसा

मधल्या आरशाशिवाय एक जादा आरसा सक्तीचा आहे. परीक्षकाला तुमच्याकडे न बघता मागची वाहतूक दिसली पाहिजे, एवढंच त्याचं काम. दुकानात आणि ऑनलाइन ६ ते १२ पौंडांत मिळतो. सगळे जवळजवळ सारखेच दिसतात, फरक तीन ठिकाणी असतो.

पहिला फरक सक्शनच्या वाटीत. ढकलून चिकटवायची साधी वाटी आणि खटका किंवा लिव्हर दाबून घट्ट करायची वाटी, असे दोन प्रकार येतात. दोन-तीन पौंड जास्त पडले तरी लिव्हरवाली घ्या. थंडीत रबर कडक होतं, काचेला आतून बाष्प धरतं, आणि साधी वाटी स्पीडब्रेकरवर हळूच सुटून डॅशबोर्डवर पडते. टेस्ट चालू असताना आरसा धपकन पडला तर चालवणाऱ्याचं लक्ष उडतं, त्याची शिक्षा आरशाला होत नाही.

दुसरा फरक गोळ्याच्या सांध्यात. आरसा वळवला की तिथेच राहिला पाहिजे. सैल सांध्याचा आरसा खड्ड्यांत मान टाकत जातो आणि शेवटी परीक्षकाला स्वतःचे गुडघे दाखवतो. दुकानात घेत असाल तर हलवून बघा. ऑनलाइन घेत असाल तर आल्याबरोबर लावून आठवडाभर गाडीत राहू द्या.

तिसरा फरक काचेत. किंचित फुगीर काच जास्त रुंद दाखवते, सपाट काच अंतर खरं दाखवते. नियमाला दोन्ही चालतात. मागची काच लहान असलेल्या हॅचबॅकला फुगीर बरी पडते.

लावताना आधी काच आतून स्वच्छ करा. डॅशबोर्डला चमक आणणाऱ्या स्प्रेचा तेलकट थर काचेवर बसतो, त्यावर कुठलीच वाटी टिकत नाही. फडक्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, कोरडं करा, वाटी मिनिटभर कोमट पाण्यात ठेवून पुसा आणि मग दाबा. काचेच्या कडेचे काळे ठिपके टाळा, तिथला पृष्ठभाग खडबडीत असतो. मधल्या आरशाच्या मागे कॅमेरा किंवा पावसाचा सेन्सर असेल तर त्याच्यापासून लांब, डावीकडे, वरच्या भागात लावा. मग स्वतः डाव्या सीटवर बसून बघा: मागची काच पूर्ण दिसते का, आणि उजवीकडे सरकून चालवणाऱ्याच्या जागेवरून रस्ता कुठे झाकला जात नाही ना. परीक्षक बसल्यावर तो आपल्या उंचीनुसार थोडा हलवतोच.

आरशाच्या नावाखाली चुकीच्या वस्तू विकत घेणारे पुष्कळ आहेत. मूळ आरशावर चढवायचा लांबरुंद आरसा हा जादा आरसा नाही. तो चढवला तरी गाडीत आरसा एकच राहतो. मागच्या सीटवरचं बाळ बघायला हेडरेस्टला बांधतात तो नाही. डाव्या सनव्हायझरमागे लपलेला लिपस्टिकचा आरसा तर नाहीच.

एल-प्लेट

प्लेटचं माप ठरलेलं आहे: १७८ मिलीमीटरची पांढरी चौकट, त्यात १०२ मिलीमीटर उंचीचं लाल एल. कडा कापून लहान केलेली प्लेट बेकायदा. वेल्समध्ये एलऐवजी डी चालतं, पण ती प्लेट घेऊन सीमा ओलांडून इंग्लंडात आलात तर एल हवं. प्लेट नसल्यास लर्नरच्या लायसन्सवर सहापर्यंत पेनल्टी पॉइंट चढू शकतात.

जोडी ३ ते ७ पौंडांत येते आणि बहुतेक लोक चुंबकाची घेतात. इथे एक अडचण आहे जी पाकिटावर लिहिलेली नसते. प्लेट समोरून दिसली पाहिजे, पण गाडीचा समोरून दिसणारा भाग म्हणजे बंपर, आणि बंपर प्लॅस्टिकचा. चुंबक तिथे धरत नाही. मग लोक ती बॉनेटवर आडवी टाकतात. तिथली प्लेट आकाशातल्या विमानाला दिसते, समोरच्या गाडीला नाही. त्यातून कित्येक गाड्यांचं बॉनेट ॲल्युमिनियमचं आणि मागचं दार प्लॅस्टिकचं असतं, तिथेही चुंबक मुका. विकत घेण्याआधी फ्रिजवरचं चुंबक घेऊन गाडीभोवती एक फेरी मारा. बॉनेट जिथे खाली वळतं त्या उताराच्या कडेला धरलं तर चुंबकाची प्लेट घ्या. नाही धरलं तर जाळीला बांधायची भोकांची प्लेट किंवा चिकटणारी प्लेट घ्या. रडार, दिवे, नंबरप्लेट आणि मागचा कॅमेरा झाकायचा नाही, काचेवर लावायची नाही.

चुंबकाच्या पातळ प्लेटला वळणदार पत्रा सोसत नाही. एक कोपरा उचलला गेला की ड्युअल कॅरेजवेवर (दुभाजकाच्या मोठ्या रस्त्यावर) पन्नास-साठ मैलांच्या वेगाला वारा बाकीचं काम करतो. दोन जोड्या घ्या, एक डिकीत ठेवा. सराव संपला की काढून ठेवा. महिनोन्महिने एकाच जागी राहिली तर खाली ओल धरते आणि रंगावर चौकोन उमटतो.

विमा: खरी गोम इथे आहे

आरसा आणि प्लेट दिसतात, म्हणून लोक त्यांच्यामागे लागतात. विमा दिसत नाही. टेस्टच्या सुरुवातीला परीक्षक टॅब्लेट पुढे करतो आणि त्यावर गाडीला विमा आहे अशी सही घेतो. पॉलिसीचा कागद तो वाचत बसत नाही, त्यामुळे चूक तिथे पकडली जात नाही; ती पकडली जाते अपघात झाल्यावर. विम्याशिवाय गाडी चालवली तर ३०० पौंड दंड आणि सहा पेनल्टी पॉइंट, आणि पोलीस गाडी उचलू शकतात. टेस्ट पास झाल्यापासून दोन वर्षांच्या आत सहा पॉइंट झाले की लायसन्स रद्द होऊन पुन्हा प्रोव्हिजनलपासून, म्हणजे लर्नरच्या लायसन्सपासून, सुरुवात.

घरच्या गाडीसाठी दोन रस्ते आहेत. नवऱ्याच्या, बायकोच्या किंवा आईवडिलांच्या वार्षिक पॉलिसीवर लर्नर म्हणून नाव चढवायचं, हा पहिला. सोपा आहे, पण ठोकलीत तर मालकाचा वर्षानुवर्षं साठवलेला नो-क्लेम बोनस जातो. दुसरा रस्ता म्हणजे लर्नरसाठीची वेगळी पॉलिसी, दिवसांच्या किंवा महिन्यांच्या हिशेबाने. मार्मलेड, व्हीगो, कॉलिंगवुड अशा कंपन्या ती देतात. मालकाच्या बोनसला सहसा धक्का लागत नाही म्हणून आमची पसंती हिलाच. मात्र यातल्या बऱ्याच पॉलिसींना मालकाची स्वतःची पॉलिसी चालू असणं लागतं. गाडी तुमच्याच नावावर असेल तर प्रोव्हिजनलवर वार्षिक पॉलिसी काढावी लागते, आणि ती महाग पडते. पैसे वाचवायला रोज तुम्ही चालवत असलेल्या गाडीवर मुख्य चालक म्हणून दुसऱ्याचं नाव घालणं ही सरळ फसवणूक धरली जाते. क्लेमच्या वेळी पॉलिसीच उडते.

कंपनीला प्रश्न नेमका विचारा आणि चॅटवर किंवा ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर हातात राहतं. प्रश्न असे: डीव्हीएसएची टेस्ट चालू असताना, परीक्षक शेजारी असताना विमा लागू आहे का? पास झाल्याच्या क्षणी काय होतं? रात्रीच्या वेळेची बंदी आहे का? शेजारी बसणाऱ्याच्या वयाची कंपनीची वेगळी अट आहे का? शेवटचा प्रश्न लोक विसरतात. सरकारी अट २१ वर्षांची आहे, काही कंपन्यांची २५ असते.

भारतातून नुकत्याच आलेल्यांचं गणित वेगळं आहे. इथे राहायला आल्यापासून १२ महिने वैध भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते; भारतीय लायसन्स बदलून ब्रिटिश मिळत नाही, टेस्ट द्यावीच लागते. या १२ महिन्यांत प्रोव्हिजनल काढलं तरी लर्नरची बंधनं, म्हणजे शेजारी माणूस आणि रोजची एल-प्लेट, लागू होत नाहीत. त्यामुळे सरावाला ही सुवर्णसंधी असते आणि घरच्या गाडीचा खरा फायदा यांनाच मिळतो. पण तुमचा विमा मग भारतीय लायसन्सच्या आधारावर काढलेला असतो; लर्नर पॉलिसी यांच्या कामाची नसते. टेस्टचा प्रश्न तरीही विचारायचाच आणि टेस्टच्या दिवशी प्लेटा लावूनच जायचं, कारण ती टेस्टच्या गाडीची अट आहे. बारा महिने उलटले की तुम्ही पूर्ण लर्नर. टेस्टची रांग पाच-सहा महिन्यांची आहे हे लक्षात घेता थिअरी, म्हणजे प्रॅक्टिकलआधी पास व्हावी लागणारी नियमांची परीक्षा, पहिल्या दोन महिन्यांत उरकलेली बरी. फुल लायसन्ससाठी मागच्या १२ महिन्यांत १८५ दिवस ब्रिटनमध्ये राहिलेलं असावं लागतं, तेवढाही हिशेब करून तारीख घ्या.

शेजारी कोण

सेंटरपर्यंत लर्नरने गाडी आणायची तर शेजारी २१ वर्षांवरचं, तीन वर्षांचं फुल लायसन्स असलेलं माणूस लागतं. ही तीन वर्षं ब्रिटन, युरोपियन युनियन, स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड किंवा लिश्टेनस्टाइनच्या लायसन्सवरची मोजतात. पुण्यात वीस वर्षं गाडी चालवलेला आणि गेल्या वर्षी स्लाउला टेस्ट पास झालेला मित्र यात बसत नाही. ज्याच्याकडे फक्त ऑटोमॅटिकचं लायसन्स आहे तो मॅन्युअल गाडीत बसून चालत नाही. आपल्याकडच्या मंडळींचं घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं, आणि मग एका सहकाऱ्याला अर्ध्या दिवसाची सुट्टी घ्यायला लावावी लागते. टेस्ट होईपर्यंत त्याने थांबायचं आहे, कारण नापास झालात तर परतीलाही तोच लागणार. हवं तर तो टेस्टमध्ये मागे बसू शकतो. फक्त तोंड मिटून.

गाडी तीच, सवय कुणाची

आता खरी तुलना. इन्स्ट्रक्टरची गाडी टेस्टच्या दिवशी घेतली तर आधीचा एक तास धरून साधारण ८० ते १२० पौंड जातात, भागाप्रमाणे कमीजास्त. त्यात आरसा, प्लेट, विमा, टायर, दिवे, सगळी काळजी त्याची. ड्युअल कंट्रोल असतात, त्यामुळे परीक्षकही निवांत असतो. घरच्या गाडीत त्याच्या हाताशी फार तर हँडब्रेक असतो, आणि बटणाचा हँडब्रेक असेल तर तोही कधी तुमच्या उजव्या गुडघ्याजवळ. नियमाला ते चालतं, यावरून गुण कापले जात नाहीत, पण तो थोडा लवकर ‘थांबा’ म्हणेल हे गृहीत धरा.

घरच्या गाडीची जमेची बाजू म्हणजे क्लच कुठे धरतो ते पायाला माहीत असतं. पार्किंगमध्ये डाव्या आरशात पांढरी रेघ कुठे आली की स्टिअरिंग वळवायचं, हे ज्या गाडीत पाठ केलं त्याच गाडीत कामाला येतं. इन्स्ट्रक्टरची गाडी लहान आणि घरची लांबट असेल तर या खुणा एकमेकींत मिसळतात. म्हणून शेवटचे पंधरा दिवस एकाच गाडीवर काढा. कोणती, हे त्याआधी ठरवा. दोन्हीत थोडं थोडं हा सर्वांत वाईट पर्याय.

मागचा कॅमेरा आणि सेन्सर वापरायला परवानगी आहे. पण नजर पडद्यावरच खिळून राहिली आणि मान वळली नाही तर चूक लिहिली जाते, गंभीरही होऊ शकते. लेन धरून ठेवणारी यंत्रणा काही गाड्यांत दर वेळी इंजिन चालू केलं की आपोआप चालू होते, आणि उभ्या गाडीला वळसा घालताना स्टिअरिंग हलकंसं ओढते. निघण्यापूर्वी बंद करा. सिग्नलला इंजिन बंद करणारी स्टॉप-स्टार्टही बंद केलेली बरी, नाहीतर गाडी आपण बंद पाडली की तिने स्वतः बंद केली या गोंधळात दोन सेकंद जातात.

भारतातून आलेल्या हाताची एक गंमत सरावात हमखास दिसते. मारुती किंवा ह्युंदाईवर इंडिकेटरची दांडी उजवीकडे. इथल्या जवळजवळ सगळ्या गाड्यांत डावीकडे. राउंडअबाउटच्या तोंडाशी, कोरड्या काचेवर, वायपर करकरत सुरू होतो. वायपरबद्दल कुणी गुण कापत नाही, पण त्या नादात इंडिकेटर राहून जातो त्याचे कापतात.

गाडीतली बटणं आणि देखभाल यांवरचे परीक्षकाचे ‘दाखवा-सांगा’चे प्रश्न घरच्या गाडीत सोपे जायला हवेत, तरी अडतात, कारण रोज वापरूनही मागच्या काचेचं बाष्प काढायचं बटण कुणी बघितलेलं नसतं. ‘सांगा’चा एक प्रश्न निघण्यापूर्वी, ‘दाखवा’चा एक गाडी चालवताना. टचस्क्रीनवर सगळं असलेल्या गाडीत हे ‘दाखवा’ अवघड आहे; तीन पायऱ्या आत दडलेलं बटण शोधताना रस्त्यावरची नजर उठते. शॉर्टकट कुठे आहे तो आधी पाठ करा. बॉनेट उघडायची कडी काही युरोपीय गाड्यांत डावीकडे, परीक्षकाच्या पायाशी असते, हेही बघून ठेवा. दोन्ही प्रश्न चुकले तरी मिळून एकच साधी चूक धरतात, आणि साध्या चुका पंधरापर्यंत चालतात. गंभीर एकही नाही.

एक विसरू नका: क्लच नसलेल्या गाडीत पास झालात तर लायसन्सच्या मागे ७८ हा कोड येतो आणि मॅन्युअल चालवता येत नाही. इलेक्ट्रिक गाडी यातच मोडते. भारतात तुम्ही जन्मभर मॅन्युअल चालवली असली तरी.

टेस्टचा दिवस

गाडीत ऐनवेळी बिघाड निघाला तर तारीख पुढे ढकलून फी वाचवायला पूर्ण १० कामाच्या दिवसांची सूचना लागते. एप्रिल २०२५ च्या आधी तीन पुरायचे. म्हणजे शेवटच्या दोन आठवड्यांत पर्याय एकच, दुसरी गाडी. गाडी बदलायला बुकिंगमध्ये काहीच बदलावं लागत नाही, म्हणून एखाद्या इन्स्ट्रक्टरशी आधीच बोलून ठेवलेलं असावं. बर्फामुळे डीव्हीएसएने टेस्ट रद्द केली तर नवी तारीख फुकट मिळते, पण त्या दिवसापुरता काढलेला विमा तुमच्या खिशातून गेला.

सकाळी काच आतून-बाहेरून पूर्ण स्वच्छ करा. तीन माणसांच्या श्वासाने ती धूसर होते. प्रोव्हिजनल लायसन्स खिशात. पाचेक मिनिटांहून जास्त उशीर झाला तर परीक्षक निघून जाऊ शकतो, आणि फार लवकर गेलात तर काही सेंटरांत उभं राहायला जागा नसते. दहा मिनिटं आधी पोहोचणं बरं. गाडी आत शिरताना उलटी लावा, म्हणजे निघताना सरळ निघता येतं.

पास झालात की एल-प्लेटा काढायच्या. आणि निघण्यापूर्वी विम्याचं ते दुसरं उत्तर आठवायचं. बऱ्याच लर्नर पॉलिसी ‘पास’ हा शब्द उच्चारला त्या क्षणी संपतात. सेंटर ते घर हा पाच मैलांचा रस्ताही त्यात येत नाही. सेंटरच्या पार्किंगमध्ये उभं राहून फोनवर नवी पॉलिसी चालू करा, किंवा किल्ली शेजारच्याला द्या. शेजारच्याचं नावही त्या गाडीच्या पॉलिसीवर आहे ना, हे घरून निघण्यापूर्वीच बघितलेलं बरं.